मंगळवार पेठेतील जुन्या घरात बसवलेली वायरलेस यंत्रणा: एका स्थानिक सेवेचे परीक्षण

कोल्हापुरातील राजारामपुरीमधल्या एका दुकानाकडून आम्ही मंगळवार पेठेतील आमच्या घरात दिवे, पंखे, गिझर आणि पाण्याची मोटर यांचे स्वयंचलन करून घेतले आणि त्याच कामात टीव्ही, साउंडबार व घरभर ऐकू येणारे संगीत अशी करमणुकीची वायरलेस व्यवस्थाही बसवून घेतली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत. शिवाय शहरात हे काम करणाऱ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच असल्याने, काम कोणाकडून करून घ्यावे यापेक्षा काय विचारून करून घ्यावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच सांगून टाकते: वायरिंगच्या कामाला पूर्ण गुण, करमणुकीच्या भागाला बरे, आणि काम आटोपल्यानंतरच्या सेवेबद्दल मात्र हातचे राखूनच बोलावे लागेल.

घराची रचना सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. सोपा आणि माजघर हा जुना भाग काळ्या दगडाच्या जाड भिंतींचा आहे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नंतर विटांत बांधलेले आहे आणि पूर्वीच्या माडीच्या जागी आता आरसीसी स्लॅबचा मजला आहे. वायरिंगही त्याच क्रमाने तीन काळांत झालेले आहे. सोप्यात लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग, मागे प्लॅस्टिकची केसिंग-कॅपिंग आणि वर भिंतीत गाडलेले कन्सील्ड वायरिंग, असे सगळे एकाच मीटरवर नांदत होते. कोल्हापुरातील पेठांमधल्या बऱ्याच घरांची हीच कथा आहे, आणि स्मार्ट घराच्या जाहिरातीत दिसणारा नवा कोरा फ्लॅट आणि आपले घर यांतला खरा फरक येथेच पडतो.

आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांपैकी एकाने फोनवरच खोल्या किती ते विचारून खोलीमागे दर सांगून टाकला. ज्यांना काम दिले त्यांनी दर सांगायचे टाळले आणि आधी वायरमन पाठवला. त्याने आल्या आल्या सांगितले, ''वहिनी, बोर्ड उघडून बघितल्याबिगर काय बी बोलत नाही. न्यूट्रल हाय का नाही, त्यावर सगळं हाय.'' त्याने घरातील प्रत्येक बोर्ड उघडला, टेस्टर आणि मीटर लावून तपासला आणि वहीत खोलीवार नोंद केली. या पाहणीचे वेगळे पैसे घेतले, पण काम दिल्यावर ते बिलातून वजा केले. ही पद्धत मला योग्य वाटली आणि दुकान निवडण्याचे तेच कारण ठरले.

न्यूट्रलचा हा आग्रह कशासाठी, हे समजून घेणे प्रत्येक ग्राहकाच्या फायद्याचे आहे. साध्या बटणाला न्यूट्रलची गरज नसते. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, बटणातून दिव्याकडे जातो आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, छताकडून परस्पर दिव्याला जोडलेला असतो. स्मार्ट मॉड्यूल म्हणजे ॲपवरून बटण चालवणारे, बोर्डात बसणारे छोटे उपकरण; त्यातील चिप आणि रेडिओ मात्र दिवा बंद असतानाही चालू राहावे लागतात, आणि त्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही बोर्डातच हवा असतो. ज्या बोर्डावर प्लगपॉइंट आहे तेथे न्यूट्रल बहुधा आलेला असतो. जिना, न्हाणीघर, देवघर अशा नुसत्या बटणांच्या बोर्डांत तो सहसा नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलेही बाजारात आहेत. ती दिव्यातूनच किंचित प्रवाह ओढून जिवंत राहतात, परंतु तेवढ्या प्रवाहावर कमी वॅटचा एलईडी दिवा बंद असूनही मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो, आणि मग दिव्याला समांतर कपॅसिटर जोडण्याचे उपाय करावे लागतात. आमच्या वायरमनने असली मॉड्यूले घालण्यास नकार दिला आणि चार बोर्डांपर्यंत न्यूट्रलची नवी वायर ओढण्याचा खर्च स्पष्टपणे कागदावर मांडला.

पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही या दुकानाला दिलेले पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. सोप्यातील एका बोर्डात बटण फेजवर नसून न्यूट्रलवर घातलेले होते. म्हणजे बटण बंद करून दिवा बदलायला गेले तरी होल्डरमध्ये वीज तशीच राहत होती. त्याच भागातील वायर ॲल्युमिनिअमची होती आणि तिचे जोड सैल झालेले होते. हा भाग तांब्याच्या नव्या वायरने बदलल्याशिवाय त्यावर कोणतेही मॉड्यूल बसवणार नाही, असे त्यांनी सांगितले. सोबत मुख्य बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारे एसपीडी हे उपकरण बसवले, आणि एसपीडी चांगल्या अर्थिंगशिवाय शोभेचे ठरते म्हणून परड्यातील अर्थिंगचा खड्डाही नव्याने केला. वैशाखात वळवाच्या पावसाबरोबर येणारा गडगडाट ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या खर्चाचे कारण पटवून द्यावे लागणार नाही. एकंदर बिलातील जवळपास एक तृतीयांश रक्कम अशा, ॲपमध्ये कुठेही न दिसणाऱ्या कामावर गेली.

बटणांच्या बाबतीत दुकानाने दोन पर्याय ठेवले होते. एक म्हणजे जुनी बटणे काढून त्या जागी काचेचे टच पॅनेल बसवणे, आणि दुसरा म्हणजे आहेत ती बटणे तशीच ठेवून त्यांच्या मागे बोर्डात मॉड्यूल बसवणे. टच पॅनेल दिसायला देखणे असते यात शंका नाही आणि दुकानातील नमुन्याच्या भिंतीवर तेच अधिक शोभत होते. आम्ही दुसरा पर्याय घेतला. माझे सासरे अंधारात हात फिरवून बटण शोधतात. काचेवर त्यांच्या बोटांना काही लागणार नाही. शिवाय पुढेमागे एखादे मॉड्यूल बिघडले तर कोणताही वायरमन ते बाजूला काढून जुने बटण थेट जोडू शकतो, तर टच पॅनेल बिघडले आणि तोवर ते मॉडेल बंद झालेले असले तर भिंतीत भोकच उरते. ॲप, आवाज, बटण यांपैकी कशानेही दिवा लावता यावा आणि इंटरनेट नसतानाही बटण बटणासारखेच चालावे, ही अट मी पहिल्याच दिवशी लिहून दिली होती. ती त्यांनी तंतोतंत पाळली.

मागे बसणाऱ्या मॉड्यूलला जागा लागते, हे मात्र आधी लक्षात घ्यावे. आमच्या जुन्या लाकडी बोर्डांत भरपूर जागा होती; वरच्या मजल्यावरील नव्या कन्सील्ड पेट्या उथळ निघाल्या आणि तेथे दोन ठिकाणी भिंत खोदून खोल पेटी बसवावी लागली. जिन्यातील दिव्याला खाली एक आणि वर एक असे टू-वे बटण आहे. प्रत्येक मॉड्यूल अशी जोडणी ओळखतेच असे नाही, तेव्हा हे आधी विचारून घ्यावे. छताच्या पंख्यांचेही तसेच आहे. पंख्याचा वेग ट्रायॅकने, म्हणजे विजेची लाट कापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाने, कमी करणारे मॉड्यूल लावले तर साधा पंखा मंद वेगावर गुणगुणतो. कपॅसिटरने टप्पे पाडणारे मॉड्यूल लावले तर आवाज येत नाही, फक्त वेगाचे चार-पाच टप्पे मिळतात. आम्हाला कपॅसिटरचे मिळाले. माडीवरील दोन खोल्यांत आम्ही कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे घेतले. त्यांच्या पोटात स्वतःचे नियंत्रण असते, म्हणून त्यांना कोणताही रेग्युलेटर किंवा वेग बदलणारे मॉड्यूल जोडायचे नसते. सरळ वीजपुरवठा द्यायचा आणि वेग रिमोटने किंवा ॲपने बदलायचा.

स्वयंचलनामुळे वीज वाचते असे विक्रेते सांगतात, त्याचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. एक मॉड्यूल जागे राहण्यासाठी साधारण एक वॅट खाते असे धरले, तर दहा मॉड्यूले महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज नुसती जागे राहण्यात घालवतात. उलट ७५ वॅटच्या साध्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा दिवसाला बारा तास चालवला, तर एकाच पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. तेव्हा बचत हवी असेल तर आधी पंखे बदलावेत. स्मार्ट बटणे सोयीसाठी घ्यावीत आणि तेवढ्याचसाठी त्यांचे पैसे मोजावेत.

सोयीचा विचार केला तर सर्वांत उपयोगी ठरली ती पाण्याची मोटर. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, ते हौदात साठते आणि तेथून मोटरने गच्चीवरील टाकीत चढवावे लागते. मोटर चालू करून विसरणे आणि टाकी भरून पन्हाळातून धो धो पाणी वाहिल्यावर शेजाऱ्यांनी हाक मारणे, हा आमच्या गल्लीतला नित्याचा प्रकार होता. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते, त्यामुळे दिव्यांसाठी केलेल्या मॉड्यूलचा रिले, म्हणजे त्यातला विजेने चालणारा छोटा स्विच, मोटरच्या वाटेत घातला तर त्याचे संपर्क चिकटून बसण्याची भीती असते. मग ॲपमध्ये मोटर बंद दिसते आणि प्रत्यक्षात ती चालूच राहते. या दुकानाने योग्य तोच मार्ग घेतला. मॉड्यूल फक्त एका कॉन्टॅक्टरला, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या स्विचला, आज्ञा देते आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. टाकीत वर आणि हौदात खाली असे पाण्याच्या पातळीनुसार चालणारे दोन फ्लोट स्विच आहेत. वरची टाकी भरली किंवा खालचा हौद तळाला गेला की मोटर थांबते, आणि हे फ्लोट थेट कॉन्टॅक्टरच्या वाटेत असल्याने वाय-फाय मेले तरी हे थांबणे चुकत नाही. मोटर आपोआप सुरू होण्याची सोय त्यांनी देऊ केली होती. ती आम्ही घेतली नाही. मोटर बंद आपोआप व्हावी, सुरू मात्र माणसानेच करावी, हे माझे मत अजूनही कायम आहे.

गिझर दोन किलोवॅटचा आहे आणि २३० व्होल्टवर तो जवळपास नऊ ॲम्पिअर ओढतो, म्हणून त्याला सोळा ॲम्पिअरचेच स्मार्ट उपकरण हवे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे दहा ॲम्पिअरचे प्लग गिझरला लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या धाडसाला नमस्कार. आमचा गिझर पहाटे ठरल्या वेळी लागतो आणि अर्ध्या तासाने बंद होतो.

आता नेटवर्ककडे वळते, कारण घर वायरलेस करताना सर्वाधिक डोकेदुखी येथे झाली. वाय-फायचे दोन पट्टे असतात: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगाने कमी पण भिंतीतून त्यातल्या त्यात बरा जाणारा, आणि ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंत आडवी आली की लवकर दमणारा. बहुतेक स्वस्त स्मार्ट मॉड्यूले केवळ २.४ वर चालतात. आमच्या सोप्यातील राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा संदेश दगडी भिंत ओलांडून माजघरात जेमतेम पोचत होता आणि स्वयंपाकघरात नाहीसा होत होता. दुकानाने पहिल्या प्रस्तावात मिळून एकच नेटवर्क करणारे तीन मेश राउटर सुचवले होते, जे एकमेकांशी वायरलेसनेच बोलणार होते. दोन मेश राउटरांमध्ये हातभर दगड असेल तर त्यांचे आपसातील बोलणेही त्याच दगडात अडकते, हे मी वायरमनपुढे मांडले तेव्हा त्यानेच तोडगा काढला. न्यूट्रलची वायर ओढण्यासाठी पट्टी उघडणारच होतो, त्याच वेळी वेगळ्या नळीतून कॅट-६ लॅन केबल स्वयंपाकघरात आणि वरच्या मजल्यावर नेली. विजेची वायर आणि लॅन केबल एकाच नळीत कोंबू नये, हा नियमही त्याने पाळला. आता तीनऐवजी दोनच जोडराउटर पुरले, दोन्ही केबलवर आहेत आणि घरात असा कोपरा उरला नाही जेथे मुलाचा ऑनलाइन वर्ग तुटतो. केबलचे काम मूळ प्रस्तावातील तिसऱ्या राउटरपेक्षा स्वस्त पडले. दुकानाच्या विक्रेत्याला हे सुचले नाही, वायरमनला सुचले. ही बाब नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

दाराचे, हालचालीचे आणि पाणीगळतीचे सेन्सर झिगबी या बिनतारी पद्धतीचे घेतले. ही पद्धतही २.४ गिगाहर्ट्झवरच चालते, पण वीज अत्यल्प खाते, त्यामुळे नाण्याएवढ्या बॅटरीवर सेन्सर दीर्घकाळ चालतो. विजेवर चालणारे झिगबी उपकरण सहसा दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवते. बॅटरीवरचे उपकरण तसे करत नाही. म्हणून सेन्सर खूप आणि प्लग एकही नाही अशी मांडणी दगडी घरात टिकत नाही. आमच्याकडे जिन्यातील आणि स्वयंपाकघरातील मॉड्यूले मुद्दाम झिगबीची निवडली, ती हे दूताचे काम करतात. सुरुवातीला सेन्सर अधूनमधून हरवत असत. कारण साधे निघाले: सेन्सरांचे निरोप गोळा करणारा झिगबीचा हब राउटरला खेटून ठेवलेला होता आणि दोघे एकाच लहरींवर एकमेकांवर ओरडत होते. हब दूर नेला, राउटरला २.४ च्या पट्ट्यात एक क्रमांकाचा चॅनेल ठरवून दिला आणि झिगबीला वरच्या टोकाचा २५ क्रमांकाचा चॅनेल दिला, तेव्हा तक्रार थांबली. हा बदल दुकानाच्या माणसाने फोनवरून सांगितला, तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे. मात्र बसवतानाच तो केला असता तर बरे झाले असते.

नवी खरेदी करताना मॅटर या मानकाचे चिन्ह पाहावे, असे मी सुचवेन. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यामागचा विचार असा की एका कंपनीचे उपकरण दुसरीच्या ॲपमध्येही चालावे आणि आज्ञा परदेशातील सर्व्हरवर न जाता घरातल्या घरात पोचावी. दुकानाने दिलेल्या मॉड्यूलांपैकी निम्मीच मॅटरची आहेत. उरलेली त्याच्या स्वतःच्या ॲपची आहेत, आणि इंटरनेट गेले की त्यांची बटणे चालतात पण वेळापत्रके आणि आवाजी आज्ञा थबकतात. एकाच घरात दोन तऱ्हा का दिल्या, याचे उत्तर बहुधा दुकानातील शिल्लक मालात असावे.

करमणुकीच्या भागात दुकानाचा उत्साह मोठा होता आणि ज्ञान थोडे कमी. सोप्यात ५५ इंची टीव्ही, त्याखाली साउंडबार, कोपऱ्यात वायरलेस सबवूफर आणि मागे दोन वायरलेस स्पीकर अशी रचना त्यांनी सुचवली. मागच्या स्पीकरांना आवाजाची वायर लागत नाही हे खरे आहे, पण त्यांना विजेचा प्लग लागतोच; आणि आमच्या सोप्याच्या मागच्या भिंतीवर एकही प्लगपॉइंट नव्हता. परिणामी वायर नको म्हणून घेतलेल्या स्पीकरांसाठी भिंतीवरून पट्टी फिरवून दोन नवे पॉइंट काढावे लागले. पाहणीच्या दिवशी हे लक्षात यायला हवे होते, कारण विजेच्या बाबतीत इतकी बारकाईने वही भरणाऱ्या माणसाला स्पीकर कुठे येणार हे कोणी सांगितलेच नव्हते. विजेचे काम एकाकडे आणि टीव्हीचे दुसऱ्याकडे, अशी या दुकानाची अंतर्गत वाटणी आहे आणि त्या दोघांत बोलणे कमी आहे.

साउंडबारची जोडणी त्यांनी प्रथम ब्लूटूथने करून दिली. गाण्यांना ते चालते. चित्रपट पाहताना मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ब्लूटूथवर आवाज बांधून पाठवण्यात आणि पलीकडे सोडवण्यात सेकंदाचा सहावा-पाचवा भाग सहज जातो, आणि आवाज चित्राच्या मागे साधारण १२५ मिलिसेकंदांहून अधिक राहिला की तो माणसाला जाणवतो. उपाय केवळ एका केबलचा होता. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या अनेक खाचा असतात, पण आवाज उलट दिशेने साउंडबारकडे नेणारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेली खाच बहुधा एकच असते. तेथे केबल लावायची आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचे. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की साउंडबारही बंद होतो. ओटीटीवरील डॉल्बी ॲटमॉसचा आवाज साध्या एआरसीवरूनही जातो, त्यासाठी ईएआरसीचा महागडा साउंडबार घेण्याचा आग्रह कोणी केला तर ऐकू नये. टीव्हीलाही मी लॅन केबलच जोडून घेतली. ४-के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस एवढाच वेग लागतो, पण तो सलग लागतो, आणि सलगपणा केबलवर मिळतो.

संगीताचा भाग मनासारखा जमला. स्वयंपाकघर, माजघर आणि वरची खोली येथे तीन वाय-फाय स्पीकर आहेत. ब्लूटूथचा स्पीकर फोनला बांधलेला असतो, फोन घेऊन खोलीबाहेर गेले की गाणे अडखळते आणि फोन वाजला की गाणे थांबते. वाय-फाय स्पीकरला फोन केवळ काय वाजवायचे ते सांगतो, पुढे स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून गाणे घेतो. तिन्ही एका गटात घातले की नाट्यगीत सगळ्या घरात एकाच वेळी, मागे-पुढे न होता ऐकू येते. सकाळी देवपूजेच्या वेळी अभंग लागतात, तेव्हा सासरे प्रसन्न असतात. याच सासऱ्यांनी या खर्चाला सर्वाधिक विरोध केला होता.

एका बाबतीत आम्ही दुकानाचा सल्ला मानला नाही. सेट-टॉप बॉक्स काढून टाका, सगळे ओटीटीवर दिसते, असे ते म्हणत होते. कोल्हापुरात फुटबॉल पाहणाऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे त्याला ओळखलेच नाही. इंटरनेटवरून येणारे थेट प्रक्षेपण डिशच्या प्रक्षेपणापेक्षा कित्येक सेकंद मागे असते. विश्वचषकाच्या रात्री अर्धी पेठ ब्राझील आणि अर्धी अर्जेंटिना असते. तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर आणि तालमीतून गोलचा जल्लोष आधीच कानावर, अशी पंचाईत होते. म्हणून सेट-टॉप बॉक्स राहिला आणि त्याच्यासाठी आयआर ब्लास्टर घेतला. हे छोटे उपकरण रिमोटसारखेच अवरक्त किरण सोडते आणि फोनवरून किंवा आवाजाने चॅनेल बदलता येतो. हे किरण भिंतीतून जात नाहीत, म्हणून टीव्हीच्या खोलीसाठी एक आणि वरच्या खोलीतील एसीसाठी दुसरा, असे दोन घ्यावे लागले. ब्लास्टरला बॉक्स खरोखर सुरू आहे की बंद ते कळत नाही. तो फक्त बटण दाबल्याचा आभास निर्माण करतो. त्यामुळे ''टीव्ही लाव'' म्हटल्यावर आधीच चालू असलेला बॉक्स कधी कधी बंद होतो. यावर पक्का इलाज नाही.

आवाजी आज्ञांबद्दल थोडक्यात सांगते. आमच्या स्पीकरमध्ये भाषेचे पर्याय इंग्रजी आणि हिंदी एवढेच आहेत. खोल्यांना मराठी नावे देण्याचा हट्ट मी करून पाहिला. देवघर त्याला समजते, परड्याचा पराठा होतो आणि सोप्याचा दिवा लावायला सांगितला की सोफा नावाचे उपकरण सापडत नाही असे उत्तर मिळते. सोप्याला आता हॉल म्हणतो. मुलाला ही सुविधा फार आवडते, मला बटण जवळचे वाटते.

वीज जाण्या-येण्याचा विचार दुकानाने नीट केलेला होता. राउटर, फायबरचा डबा आणि झिगबी हब हे तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले आहेत. तिघांपैकी एक जरी बाहेर राहिला तर बाकीचे दोघे जागे राहून उपयोग नाही. वीज परत आल्यावर प्रत्येक मॉड्यूलने काय करायचे हे ॲपमध्ये ठरवता येते. मूळ सेटिंग तसेच ठेवले तर काही उपकरणे वीज येताच चालू होतात आणि मध्यरात्री घरभर उजेड पडतो. दिव्यांना पूर्वीच्या स्थितीवर आणि गिझर-मोटरला सक्तीने बंद स्थितीवर ठेवावे. आमच्याकडे मोटरचे हे सेटिंग करून दिलेले होते, गिझरचे राहून गेले होते.

तक्रार आहे ती यानंतरच्या भागाची. सगळी यंत्रणा सुरू करताना दुकानाच्या माणसाने ॲपचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडले आणि आम्हाला केवळ सदस्य म्हणून जोडले. वेळ वाचवण्यासाठी असे करतो, हे त्याचे स्पष्टीकरण होते आणि ते खरेही असेल. परंतु याचा अर्थ असा की घराचे मालकी हक्क, म्हणजे कोणते दार कधी उघडले आणि घरात हालचाल कधी होती याची नोंद, दुकानातील फोनवर दिसत राहते. दुकान बंद पडले किंवा तो माणूस नोकरी सोडून गेला तर नवे उपकरणही जोडता येत नाही. खाते आमच्या नावावर करून द्या, अशी मागणी केल्यावर बरीच टोलवाटोलवी झाली, कारण त्या ॲपमध्ये मालकी बदलण्यासाठी काही उपकरणे काढून पुन्हा जोडावी लागतात आणि तेवढा वेळ कोणाला द्यायचा नव्हता. शेवटी ते काम झाले, पण एका कारागिराच्या मजुरीची मागणी करून. मी ती दिली नाही. राउटरवर स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क करून देण्याचेही प्रस्तावात लिहिलेले होते. ते मुलानेच केले.

दुकान आता वार्षिक देखभाल करार देऊ करत आहे. त्याच्या मसुद्यात बोर्डातील मॉड्यूल, वायरिंग आणि कॉन्टॅक्टर येतात. ॲप, नेटवर्क आणि साउंडबार येत नाहीत. आमच्या अनुभवात अडचणी ज्या भागात आल्या नेमका तोच भाग वगळलेला आहे, तेव्हा या स्वरूपात तो घेण्यात अर्थ नाही. वायरमनचा फोन नंबर मात्र आम्ही जपून ठेवला आहे, आणि विजेच्या कोणत्याही कामासाठी त्यालाच बोलावतो.

ज्यांचे घर पेठेतील, दगडी आणि जुन्या वायरिंगचे आहे त्यांनी या दुकानाकडे किंवा अशाच दुसऱ्याकडे जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक बोर्डाची न्यूट्रलसह पाहणी आणि तिची प्रत, टीव्ही व स्पीकर कुठे येणार ते दाखवणारा आराखडा विजेचे काम सुरू होण्यापूर्वी, आणि सर्व खाती ग्राहकाच्याच ईमेलवर. राजारामपुरी असो की शाहूपुरी, हप्ते ठरवताना शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता खाती हातात आल्यावर आणि राउटर बंद करून प्रत्येक बटण दाबून पाहिल्यावरच द्यावा. आमच्या दुकानदाराने पुढच्या ग्राहकासाठी ही अट मान्य करण्याची तयारी दाखवली आहे, हे त्याच्या बाजूने नमूद करते.